उघडा राहिलेला सवाल

कव्हर म्हणजे काय, हे पंजाबरावांना घरातल्या तीन बायकांनी तीन तऱ्हेनं समजावून सांगितलं आणि दर खेपेला त्यांचा गोंधळ थोडा वाढलाच.

नात रूपा म्हणाली, "आबाजी, दुसऱ्याचं गानं आपल्या ढंगानं म्हनायचं, त्याले कव्हर म्हनते."

"म्हंजे चोरी."

"चोरी नाही ना. सांगून म्हनायचं, हे अमक्याचं गानं आहे म्हनून."

"म्हंजे सांगून केलेली चोरी," पंजाबरावांनी निकाल देऊन टाकला.

सून रीता पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "मामाजी, जुन्या गोधडीले आपन नवी खोळ घालतो ना, तसंच समजा."

"मंग गोधडी कोनाची झाली? जिनं शिवली तिची, का खोळवालीची?"

 शेवटी पंजाबरावांच्या बायको भागिरथाबाई पदराला हात पुसत पुढं आल्या. "तुमी नुस्ते चला. पोरीचा कार्यक्रम हाय. नाही समजलं तं घरी येऊन मले विचारजा."

"तुले समजलं काय?"

"मले बी नाही समजलं. पन मी तुमच्यावानी अडून नाही बसत."

पंजाबरावांचंही काही चूक नव्हतं. पोस्टमनची नोकरी सांभाळून ज्यानं जवानीची वीस वर्षं गायन पार्टीत घातली, त्याला दुसऱ्याचं गाणं म्हणणं हा गुन्हाच वाटणार. 'पंजाब-रामधन पार्टी' हे नाव तेव्हा वाशीमपासून पुसदपर्यंत चालायचं. थोरले रामधन शब्द जुळवायचे, धाकटे पंजाबराव चाल लावून पेटीवर गायचे. गाणं ज्यानं लिहिलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात आलंच पाहिजे. ते गाळून कोणी आपलं गाणं म्हटल्याचं कानावर आलं की पुढच्या जयंतीला गाण्याआधी भांडण व्हायचं आणि एकदा तर भांडणात लाऊडस्पीकरची तारच तुटली होती. अशा माणसाला कॉलेजची पोरं खुशाल दुसऱ्यांची गाणी म्हणतात, वर त्याचा कार्यक्रम लावतात आणि आईबापांना पाहायला बोलावतात, हे उमगावं तरी कसं?

पण त्यांना खरा पेच पडला होता तो वेगळाच. रूपा सकाळी निघताना म्हणाली होती, "आबाजी, एक गोष्ट कबूल करा. काही बी झालं तरी मधातून उठायचं नाही."

"मी कायले उठीन?"

"तरी बी. कबूल करा."

त्यांनी कबूल केलं. मग रीतानं चहा देताना तेच म्हटलं. मग भागिरथाबाईंनी ऑटोत बसता बसता तेच म्हटलं. एकीनं म्हटलं असतं तर पोरीचं कौतुक म्हणून सोडून दिलं असतं. तिघींनी म्हटल्यावर त्यांच्या मनात पाल चुकचुकली. मधातून उठून जाणारा माणूस, ही त्यांची सगळ्या भावकीतली ओळख होती. चौतीस वर्षांपूर्वी शेलूबाजारच्या मैदानात, सख्ख्या भावाशी सवाल-जवाबाचा सामना चालू असताना, ते पेटी उचलून उठून गेले होते. त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलला नव्हता. रामधनदादांची बायको रामीबाई वारली तेव्हा पंजाबराव गेले, मातीला हात लावला आणि कोणाकडे न बघता परत आले. लग्नात दोघं मंडपाच्या दोन टोकांना बसायचे. पंगतीत वाढणारी पोरंसुद्धा शिकली होती की या टोकाची खबर त्या टोकाला न्यायची नाही.

"ताकाले जाऊन भांडं कायले लपवून राह्यल्या तुमी साऱ्या?" त्यांनी ऑटोत विचारलं.

भागिरथाबाईंनी रस्त्यावरची दुकानं पाहायला सुरुवात केली.

*

दुपारचे तीन वाजले होते. कॉलेजचं सभागृह पोरापोरींनी गच्च भरलं होतं. पंजाबरावांचा गुडघा दुखरा, म्हणून ते कडेच्या खुर्चीवर बसायला गेले, तर रीतानं त्यांना दंडाला धरून ओळीच्या मधोमध आणलं. एका बाजूला स्वतः बसली, दुसऱ्या बाजूला सासूला बसवलं. पुढं आणखी दहा-बारा पोरांचे गुडघे. आत आलेला माणूस बाहेर पडायचा तर त्याला सर्कस करावी लागली असती.

"कडेले हवा येत होती," पंजाबराव म्हणाले.

"इथं पंखा आहे मामाजी," रीता म्हणाली. पंखा फिरत नव्हता.

कार्यक्रम सुरू झाला आणि त्यांना पुढचं काहीच कळेनासं झालं. एक पोरगी मोबाइलमध्ये बघून बोलत होती. एक पोरगा खोक्यावर बसला होता आणि त्याच खोक्याला बडवत होता. तबला नाही, ढोलकी नाही. गाणारा गायच्या आधीच शिट्ट्या पडत होत्या. पंजाबरावांच्या काळात शिट्टी पडली की पार्टी गुंडाळायची वेळ झाली असं समजायचे. इथं शिट्टी पडली की गाणारा वाकून हात हलवत होता. एका गाण्यात सगळ्या पोरांनी मोबाइलचे दिवे लावले आणि हात डोलवू लागले.

"लाइन गेली काय?" त्यांनी विचारलं.

"नाही मामाजी. आवडलं म्हनून लावतात."

आवडलं तर दिवे, शिट्ट्या म्हणजे शाबासकी आणि चोरी म्हणजे कव्हर. हातातली काठी दोन्ही पायांत घट्ट धरून ते बसून राहिले.

मग रूपाचं नाव पुकारलं. रूपा आली, तिच्या मागं गिटार घेतलेला एक उंच पोरगा आला, आणि त्याच्या मागं दोघांनी मिळून एक पेटी आणून टेबलावर ठेवली. पंजाबरावांनी चष्मा वर केला, खाली केला. पेटीच्या डाव्या कोपऱ्याला पितळी पत्री होती आणि पत्रीवर पोचा पडलेला होता. तो पोचा पुसदच्या एस.टी.त पडलेला, त्यांच्या डोळ्यांदेखत. ही पेटी चौतीस वर्षं त्यांच्या खाटेखाली, भागिरथाबाईंच्या जुन्या लुगड्यात बांधून पडली होती. निदान तशी त्यांची समजूत होती.

"भागिरथे, माही पेटी?"

"भाता फाटला होता. दुरुस्त करून आनली."

"अन् खाटेखाली काय हाय?"

"लुगडं," भागिरथाबाई म्हणाल्या. "अंदर दोन उश्या बांधल्या."

पंजाबराव बायकोकडे पाहातच राहिले. रोज रात्री आपण दोन उश्यांवर पहारा देत झोपत होतो, हे पचायला वेळ लागत होता. तेवढ्यात गिटारवाल्या पोरानं मान वर केली. लांब नाक, कपाळावर मधोमध उभी आठी. असली आठी एकाच घरात होती.

"तो पोरगा कोन?"

रीता पिशवीत काहीतरी शोधू लागली.

"रीता, मी विचारून राह्यलो."

"प्रसेनजित," रीता हळूच म्हणाली. "मोठ्या मामाजींचा नातू. रूपाच्याच वर्गात आहे."

"तुले कवापासून माहीत?"

"दसऱ्यापासून."

"अन् तुह्या नवऱ्याले, विकासले?"

"तेच तं दोघाले गाडीवर सरावाले नेऊन देतात."

म्हणजे पोरगा तिकडे, सून तिकडे, नात तिकडे आणि जिच्याबरोबर पंचेचाळीस वर्षं संसार केला ती पेटीसकट तिकडे. आपल्या बाजूला आहे तरी कोण, याचा हिशेब पंजाबरावांनी करून पाहिला. उरले ते आणि त्यांचा गुडघा. त्यांना राग यायला हवा होता. तो यायच्या ऐवजी, यात्रेत हात सुटलेल्या पोरासारखं त्यांना भांबावल्यागत झालं.

रूपा आणि प्रसेनजितनं आधी एक सिनेमाचं गाणं म्हटलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग प्रसेनजितनं माइक जवळ ओढला.

"आता जे म्हणणार आहोत ते कोणत्या पिक्चरचं नाही," तो म्हणाला. "हे आमच्या घरचं गाणं आहे. शेलूबाजारच्या मैदानात एकदाच गायलं गेलं. लिहिलं माझ्या आजोबांनी, रामधन यांनी. चाल मात्र रूपाच्या आजोबांची, पंजाबराव यांची, पार्टीतली जुनी. हे गाणं अर्धंच आहे. उरलेलं अर्धं आजोबांनी आम्हाला दिलं नाही. ते म्हणाले, त्याचा मालक वेगळा आहे."

कवीचं नाव घेतलं, चालवाल्याचं नाव घेतलं. पंजाबरावांच्या मनात आलं, पोरगं रीतीचं आहे. आणि मग पेटीचे पहिले चार सूर त्यांच्या कानावर पडले आणि रीतभात सगळी डोक्यातून निघून गेली.

रूपा गाऊ लागली.

'सांग शायरा भर सभेमधी, सोड मनाची गाठ,
माय निघाली दूर गावाले, कोणी दावली वाट?
ओठ सुकले, जीव थांबला, रात उभी दाराशी,
सांग शायरा, कोणी पाजलं पाणी तिले उशाशी?'

पंजाबराव उभे राहिले.

त्यांनी ठरवून काही केलं नाही. सामन्याची रीतच तशी होती. ज्याच्यावर सवाल टाकला त्यानं तो उभं राहून ऐकायचा. मग जवाब द्यायचा, नाहीतर खाली बसून म्हणायचं, 'हारलो, तुमीच सांगा.' तसं म्हटलं की सवाल टाकणाऱ्यानं स्वतः जवाब गायचा, कारण जवाब तयार नसताना सवाल टाकणं म्हणजे बेइमानी. शेवटी हरलेल्यानं जिंकलेल्याला आपल्या हातानं पाणी पाजायचं आणि दोन्ही पार्ट्यांनी एका पंगतीत जेवायचं. आणि जर समोरचा उठूनच गेला तर? तर सवाल उघडा राहायचा. माणसाच्या पाठीमागं जवाब गायची मुभा कोणालाच नव्हती.

पंजाबराव उठून गेले होते. जाणार नाहीत तर काय करतील? आई पंचफुला ज्या रात्री गेली, त्या रात्री ते पुसदला कार्यक्रमात होते. आई आजारी म्हणून रामधनदादा एकटेच तिच्याजवळ घरी राहिले होते. त्यानंतर पार्टी फुटली, आणि वर्षभरात शेलूबाजारला भावाभावांचा सामना लागला. तिथं हजार माणसांसमोर दादांनी विचारलं, आईच्या तोंडात पाणी कोणी घातलं. मी घातलं, तू कुठं होतास, याहून दुसरा काय अर्थ होता त्याचा? एवढा एकच टोमणा उराशी धरून त्यांनी चौतीस वर्षं काढली होती.

आणि आता तोच सवाल त्यांच्या नातीच्या तोंडून, त्यांच्याच पेटीवर.

म्हातारा उभा राहिलेला पाहून मागच्या पोरांना वाटलं, आजोबांना गाणं चढलं. "ए आजोबा!" म्हणून कोणीतरी ओरडलं. शिट्ट्या पडल्या. मोबाइलचे दिवे लागले आणि डोलू लागले. त्या उजेडात पंजाबरावांना ना दार दिसत होतं ना माणसं. त्यांनी काठी उचलली.

"मामाजी, बसा ना," रीता म्हणाली.

"सरक."

"आबाजी," रूपाचा आवाज माइकमधून आला. गाणं थांबलं होतं. "तुमी कबूल केलं होतं."

सगळ्या सभागृहानं माना वळवल्या. दिवे डोलायचे थांबले. पंजाबराव मधोमध उभे, आणि दोन्ही बाजूंना पोरांचे गुडघे. रूपा त्यांच्याकडे पाहत होती, पण प्रसेनजित त्यांच्याकडे पाहत नव्हता. तो पाहत होता त्यांच्या दोन ओळी मागं, कडेच्या खुर्चीकडे. पंजाबरावांनी मान वळवली. तिथं पांढरा सदरा घातलेले, पार वाळून गेलेले रामधनदादा बसले होते. दोन्ही हात मांडीवर. ते खाली जमिनीकडे बघत होते.

"हे मले फसवून आनलं," पंजाबराव बायकोला म्हणाले.

"हव, फसवून आनलं. सरळ सांगितलं असतं तं आले असते काय?"

"पुन्हा तेच ऐकवाचं मले? पोरासोरांच्या देखत?"

"अवो, तुमी ऐकलं कुठं?" भागिरथाबाईंनी त्यांचा सदरा खालून धरला. "सवाल ऐकला अन् निघाले. दादाले घरात बसून बोलता येत नाही, जे बोलते ते गान्यातच बोलते, हे मी लग्न होऊन आली तवापासून पाहून राह्यली. अर्धं बोलनं त्यायच्या पोटातच राह्यलं ना! चौतीस साल झाले. माहीत करून तं घ्या."

"काय माहीत करू? म्यां पाजलं, हेच म्हनन तो."

"म्हनन तं म्हनन. खाली बसून ऐका."

पंजाबरावांना काय करावं ते कळेना. जावं तर नातीला दिलेला शब्द जातो. बसावं तर 'हारलो' म्हणणं आलं, आणि हरलो म्हटलं की आईच्या मरणाचं माप कायमचं पदरात पडतं. चौतीस वर्षं निदान सवाल उघडा तरी होता. त्यांनी पुन्हा एकदा मागं पाहिलं. दादांची मान अजून खालीच होती. टोमणा मारायला आलेला माणूस असा बसत नाही, एवढंच त्यांना त्या सगळ्या गोंधळात कळलं.

ते खाली बसले. त्यांनी घसा खाकरला.

"हारलो," ते म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले, "हारलो दादा. तुमीच सांगा."

प्रसेनजित गिटार ठेवून स्टेजवरून उतरला आणि लांब वायरचा माइक ओढत आजोबांच्या खुर्चीपाशी गेला. रूपानं पेटीवर सूर धरला. मग रामधनदादा गायले. आवाज पार बसला होता, वरची जागा घेताना तो फुटला. पण शब्द एकेक सुटा ऐकू येत होता.

'नाही पाजलं कोणी पाणी, शायरा, धीर धर,
दिवा एकला जागत होता, झोपलं होतं घर.
एक लेकरू गात होतं, एक लेकरू निजलं,
भरला तांब्या उशाशी अन् तोंड नाही भिजलं.
रामधन म्हणे, भर सभेमधी गुन्हा आपला सांगतो,
तुह्या हातचं पाणी भावा, माफी म्हणून मागतो.'

गाणं संपलं. टाळ्या वाजवाव्यात की नाही, ते पोरांना कळेना. एकानं वाजवली आणि शेजारच्यानं त्याचा हात धरला.

पंजाबरावांना तर आधी नीट अर्थच लागेना. नाही पाजलं कोणी. म्हणजे दादांनीही नाही. आई मागत असेल, तांब्या उशाशी असेल, आणि दिवसभर शेतात राबून आलेला दादा तिथंच आडवा होऊन घोरत पडला असेल. सकाळी उठून त्यानं पाहिलं असेल. मग तो टोमणा कुठं गेला? टोमणा नव्हताच. त्या दिवशी हजार माणसांत दादा आपला गुन्हा कबूल करायला उभा होता, आणि कबुली ज्याला सांगायची तो एकच माणूस पेटी उचलून निघून गेला होता. माणूस पाठमोरा झाला म्हणून जवाब गायचा नाही, ही रीत दादांनी पाळली. चौतीस वर्षं पाळली. पंजाबरावांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं डोळे पुसले. आईसाठी की दादासाठी, ते त्यांना सांगता आलं नसतं.

"पानी," ते म्हणाले.

"घ्या ना," रीतानं पिशवीतून बाटली काढून दिली.

"मले नाही."

ते उठले. या खेपेला रीता सरकली. पोरांनी पाय वर घेतले, कोणी खुर्चीवर उभं राहिलं, कोणी त्यांची काठी धरली. दहा-बारा गुडघे ओलांडत, दोनदा तोल जाऊन, ते कडेला पोचले आणि दोन ओळी मागं गेले. बाटलीचं झाकण त्यांना उघडता येईना. प्रसेनजितनं उघडून दिलं.

जवळून पाहिलं तेव्हा त्यांना कळलं, दादांचं तोंड हुबेहूब आईसारखं झालं होतं. गाल आत गेलेले, ओठ कोरडे. त्यांनी एका हातानं दादांची मान धरली आणि दुसऱ्या हातानं बाटली ओठांना लावली. थोडं पाणी सदऱ्यावर सांडलं. बाकीचं रामधनदादा घटाघटा प्यायले. मग त्यांनी तोंड पुसलं आणि धाकट्या भावाकडे पाहिलं. कपाळावरची उभी आठी तशीच होती.

"पानी आनाले इतका टाइम लागते काय बे?" ते म्हणाले.

शेजारच्या पोरानं दिलेल्या खुर्चीवर पंजाबराव बसले. प्रसेनजितनं अजून माइक धरूनच ठेवला होता, त्यामुळं आजोबांचं ते वाक्य सगळ्या सभागृहानं ऐकलं होतं, आणि आता काय करायचं म्हणून पोरं स्टेजवरच्या रूपाकडे पाहत होती. रूपाचे दोन्ही हात पेटीवर होते, पण तिला रडू आवरत नव्हतं.

"सूर उतरला," पंजाबराव तिथूनच ओरडले. "भाता मार, पोरी."